वेठ, धारा आणि दोनशे रुपये

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नसतो. कुणाचा कर किती कापला, पुढच्या वर्षी पैसे कुठे गुंतवायचे. त्यात कुणीतरी वैतागून म्हणतोच, "ही वेठबिगारीच आहे. आपण राबायचं आणि सरकारने योजना वाटायच्या." बाकीचे मान डोलावतात. मला ते बोलणे लागते. मी डहाणूकडच्या गंजाडची, वारल्याच्या घरातली. माझ्या आजीने वेठ केली होती, खरीखुरी. त्यामुळे हा शब्द कुणी असा सहज उचलला की मला त्याला थांबवून आजीचे सांगावेसे वाटते.

हे म्हणणे केवळ पगारदारांच्या वैतागाचे नाही. रॉबर्ट नोझिक नावाच्या हार्वर्डच्या तत्त्वज्ञाने १९७४ साली मोठ्या ताकदीने ते मांडले. तुमची पाच तासांची कमाई करापोटी घेतली, म्हणजे तुम्हाला पाच तास दुसऱ्यासाठी राबवून घेतले. कमाईवरचा कर आणि वेठ त्यामुळे एकाच पंगतीला बसतात, असा तो युक्तिवाद. तो पोकळ नाही. जबरदस्ती दोन्हीकडे आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वेठ म्हणजे काय हे ज्यांनी भोगले, त्यांच्याकडून ऐकल्यावर हा हिशेब जुळत नाही. का जुळत नाही, तेच सांगायचे आहे.

आजी सांगायची, पाऊस धरला की जमीनदाराचा माणूस पाड्याच्या कडेला येऊन उभा राहायचा. घरात यायचा नाही. बाहेरूनच हाक. आमचे आवण, म्हणजे भाताची रोपे, काढून ठेवलेले असायचे, जुड्या बांधलेल्या, चिखल तयार. ते तसेच टाकून त्याच्या शेतावर जायचे. त्याची लावणी संपेपर्यंत आमच्या जुड्या पिवळ्या पडायच्या. तीच रोपे मग उशिरा खाचरात खोवायची. पीक कमी यायचे आणि खळ्यावर खंड मात्र ठरल्याइतकाच मोजून द्यायचा. दिवाळीच्या सुमाराला गवताची कापणी. त्यालाही हाक. घर शाकारायचे असेल, गाडी जुंपायची असेल, पाहुण्यांचे सामान वाहायचे असेल, तरी हाक. "आन् नाय गेलं तं?" मी विचारायचे. आजी उत्तर द्यायची नाही. आजोबांच्या पाठीकडे बघायची.

ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नव्हती. डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर १९३९ साली सरकारला अहवाल दिला. जंगलपट्टीत खंडाने जमीन करणाऱ्या कुळाला मालकाला हवे तितके दिवस राबावे लागते, कुचराई केली तर मार बसतो, असे त्यात सरळ लिहिले आहे. मोबदला जास्तीत जास्त दिवसाला एक आणा. बहुतेक वेळा तोही नाही, एका माणसाला एका वेळेला जेमतेम पुरेल एवढे धान्य. आजीने तो अहवाल पाहिला असण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिने ओंजळ करून दाखवलेले माप आणि त्या साहेबाने लिहिलेले माप सारखेच होते.

आणि लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा आणि नवरी दोघे त्याच्या घरी राबायला जायचे, आणि ते कर्ज फिटायचे नाही. आजोबांचा थोरला भाऊ असा गेला होता. त्याच्याबद्दल घरात फार बोलत नसत.

आमच्या लोकांवर मालक आले कुठून? आजोबांना त्यांच्या आजाने सांगितलेली गोष्ट अशी: जमीन आपलीच होती, धारा, म्हणजे शेतसारा, देता आला नाही म्हणून गेली. इतिहासाची पुस्तके हेच जास्त शब्दांत सांगतात. इंग्रजांनी जमीन मोजली, तीस-तीस वर्षांसाठी शेतसारा ठरवला आणि तो रोख मागितला. वारल्याच्या घरात भात होते, नागली होती, जंगलातले मोहाचे फूल होते. रोख नव्हती. रोख गावात एकाच माणसाकडे होती. त्याच्याकडून उचल घ्यायची, कागदावर अंगठा द्यायचा. एका वर्षी पीक बुडाले की जमीन कागदावरून त्याच्या नावावर. त्याच जमिनीवर मग आपण कूळ. १८७८ च्या जंगल कायद्याने राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायला बंदी आली. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने ताडाच्या झाडावर कर बसला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा करून मोहाच्या फुलांवरही सरकारने हात ठेवला. म्हणजे पैसा मिळवायच्या वाटा बुजवायच्या आणि पैसाच मागायचा.

या धाऱ्यातून आमच्या डोंगराला काय मिळाले, असे मी आजोबांना विचारले होते. फौजदार मिळाला, म्हणाले.

नोझिकने हा काळ पाहिला असता तर त्याला आपला मुद्दा सिद्ध झालासा वाटला असता. इथे कर आणि वेठ खरोखर एकमेकांचा हात धरून आले होते. एकाने जमीन घेतली, दुसरीने माणूस घेतला. म्हणून करावर सरसकट स्तुतिसुमने मी उधळणार नाही. कर सक्तीचा होता एवढाच त्यातला दोष असता, तर आमच्या लोकांनी तो कसाबसा सोसला असता. आमच्याकडून घेतलेले आमच्याकडे परत येत नव्हते आणि 'का घेता' हे विचारायची सोय नव्हती, हे खरे दुखणे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळातली एक गोष्ट इथे आठवते. पीक बुडाले तर शेतसारा तहकूब करायची, माफ करायची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. रयतेला ते कुणी सांगत नव्हते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि टिळकांच्या 'केसरी'ने ते सांगायला घेतले. पत्रके काढली, माणसे पाठवली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सभा झाल्या. सरकार खवळले. मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेतली. सरकारच्या छापील नियमाचा अर्थ लोकांना समजावून सांगणे एवढाच तो गुन्हा होता. ज्याच्याकडून घ्यायचे त्याला नियम कळता कामा नये, अशी ती व्यवस्था होती.

वेठ संपली ती कुणाच्या दयेने नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, तिथे आमच्या भागातली काही माणसे गेली होती. मग किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर इकडे आले. २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आता तलासरीत आहे. पाच हजारांच्या आसपास वारली जमले. आजी तेव्हा कोवळी मुलगी होती. ती गेली नव्हती, तिचे वडील गेले होते. तिथे ठरले ते तिला तोंडपाठ होते: वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचे नाही, मारले तर एकट्याने सोसायचे नाही. गोदाराणी हे नाव आमच्या घरात असे घेतले जायचे की लहानपणी मला ती गावदेवांपैकीच एक वाटे. त्यांनी लिहिलेले 'जेव्हा माणूस जागा होतो' मी पुढे डी.एड.ला असताना वाचले. त्यात आजीच्या गोष्टी भेटत गेल्या.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे काही जण मेले. लोक तरी मागे हटले नाहीत. त्या मोसमात गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. 'आम्ही काम करणार नाही' असे कुणी म्हणाले नाही, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. काम करू, पण मोजून. किती गवत आणि किती पैसे ते आधी सांगा.

पुढे राज्यघटना आली. तिच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. २६५ व्या अनुच्छेदाने सांगितले की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही, वसूलही करता येणार नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते तेव्हा हे दोन्ही अनुच्छेद एकाच तासाला घेते. पाठ्यपुस्तकात ते असे शेजारी नाहीत. आमच्या तालुक्यातल्या मुलांना ते शेजारीच दाखवायला हवेत.

आता आईचे सांगते. १९७० च्या दशकाच्या शेवटी आई रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागली. भाताची कापणी झाली की आमच्याकडे पोटाला काम नसे. लोक वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर जायचे. ज्या वर्षी जवळ मजगीचे, म्हणजे उतारावर खाचरे बांधायचे, काम निघायचे किंवा रस्त्याची माती निघायची, त्या वर्षी आई घरी असायची. मला सोबत न्यायची. जमिनीवर चौकोन आखून दिलेला असे. तेवढे खणायचे, माती पाटीत भरून बांधावर टाकायची. मधोमध मातीचा एक खांब राखून ठेवायचा, म्हणजे किती खोल गेले ते मोजता येते. तो खांब पडू नये म्हणून बाया फार जपत. पोरांनी जवळ जायचे नाही अशी तंबी असे. संध्याकाळी मुकादम टेप लावायचा आणि हजेरीपटावर आईचा अंगठा घ्यायचा. पगार उशिरा व्हायचे, कधीकधी फारच उशिरा. पण बाईला आणि बाप्याला दर एकच. आजीला ते खरे वाटत नसे. मोजतात आणि लिहितात, हेच तिला मुळात नवे होते.

या योजनेचा पैसा कुठून येत होता ते मला नोकरी लागल्यावर कळले. सांगलीकडचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचे, ही कल्पना त्यांनी विसापूर भागात आधी करून पाहिली. मग ती राज्यभर आली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. देशाने असा कायदा करायला पुढे २००५ साल उजाडले. महाराष्ट्राने हा पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली पगारदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. त्याच्या जोडीला वाहने, ओलिताची जमीन, शहरातल्या बिगरनिवासी इमारती यांवर अधिभार, आणि जेवढे जमा होईल तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. आजही माझ्या पगारपत्रकावर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी कपात असते. वर्षाचे अडीच हजार. त्याहून जास्त घ्यायला घटनेचीच मनाई आहे. मुंबईतल्या फोर्टमध्ये फायली हलवणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या पगारातून त्या काळी काही रुपये जबरदस्तीने कापले जात होते, म्हणून माझी आई त्या उन्हाळ्यात वीटभट्टीवर गेली नाही आणि माझी शाळा सुटली नाही. त्या कारकुनाला कुणी विचारले नव्हते. तो चिडलाही असेल. त्याचे मी ऋण मानते, पण त्याच्यावर अन्याय झाला असे मला वाटत नाही. तो कर बसवणाऱ्या विधिमंडळाला त्याचे मत होते, माझ्या आईचेही होते. वेठीची हाक मारणाऱ्याला कुणाचेच मत लागत नव्हते.

सक्ती कशाला, ज्याला द्यायचे तो आपणहून देईल, असे सांगणाऱ्यांना मी कोसबाडला न्यायला तयार आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. पोरे शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली. गुरांमागे गेलेल्यांसाठी ती कुरणात नेली. आपणहून दिलेले यापेक्षा थोर काय असणार? त्या दोघींनी आयुष्य दिले. पण कोसबाडच्या आसपासच्या पाड्यांचे नशीब आणि सायवन-गंजाडच्या पाड्यांचे नशीब यांत एका टेकडीचे अंतर राहिले. थोर माणसे प्रत्येक पाड्याला पुरत नाहीत. लहान मुलांना अंगणाजवळ आहार आणि शिक्षण, ही गोष्ट देशभर गेली ती १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून, म्हणजे करातून. शिवाय दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, देणाऱ्याने कितीही नको म्हटले तरी. आई कामाच्या मागणीचा अर्ज घेऊन गेली तेव्हा तिला मान खाली घालावी लागली नाही. तो तिचा हक्क होता.

गंजाडचे नाव आज जगात ज्या वारली चित्रांमुळे माहीत आहे, तीही अशाच एका सरकारी खर्चातून पुढे आली. दुष्काळाच्या वर्षांत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, हस्तकला मंडळाकडून भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायांना त्यांनी कागद दिले. हाताला काम आणि चार पैसे मिळावेत एवढाच हेतू. त्यातून जिव्या सोमा मशे पुढे आले. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, परदेशातली प्रदर्शने. २०१८ साली ते गेले तेव्हा कळंबीपाड्यावर गाड्यांची रांग लागली. एका माणसाची प्रतिभा कराने निर्माण होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण कागद कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि दुष्काळात तो बाजार आणून देत नाही.

आमच्या लोकांना सक्ती परकी नाही, हेही सांगितले पाहिजे. पेरणीआधी गावदेवाची पूजा होते, तिला प्रत्येक घराचा वाटा असतो. तांदूळ, कोंबडीचे पैसे. कुणी दिला नाही तर चार माणसे त्याच्या दारात जातात. ज्याच्या घरात नाही त्याला सोडून देतात, ज्याच्याकडे असून देत नाही त्याला सोडत नाहीत. जमलेले सगळ्यांसमोर मोजतात आणि तिथेच खर्च सांगतात. या सक्तीला कुणी वेठ म्हटल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

त्या पूजेत जे आपोआप होते, ते सरकारी करात आजही होत नाही. 'आदिवासी कर भरत नाहीत, आम्ही भरतो' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकते. आमच्या पाड्यावरच्या पोराने मोबाइलचे रिचार्ज मारले की त्यावर अठरा टक्के जातात. साबणावर कर जातो, चपलेवर जातो. जिला आपण कर भरतो हे माहीतही नाही, तीही भरते. दुसरीकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. मग ते उत्पन्न दीड एकराच्या भातखाचराचे असो की मोठ्या चिकूवाडीचे. वाटा ठरवताना ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे नाही हा फरक आमची चार माणसे करतात, तो तिजोरीला पुरता करता आलेला नाही.

पैसा जातो कुठे, हा दुसरा प्रश्न. सूर्या नदीवर धामणीचे धरण सरकारी पैशातून झाले, डहाणू-पालघरच्या शेतीला पाणी म्हणून. घरे आणि जमिनी आदिवासींच्या गेल्या. त्या पाण्याचा मोठा वाटा पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांसाठी ठरवला गेला. शहरातल्या माणसाला पाणी नको असे मी म्हणणार नाही. पण धरणाखालच्या पाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरताना दिसतात, तेव्हा सार्वजनिक काम हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. वाढवण बंदराचे तसेच. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. खर्च शहात्तर हजार कोटींच्या घरात. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. त्यात त्यांच्याही कराचा पैसा जाणार. मला न पटलेल्या कामासाठी माझा पैसा का, हा प्रश्न तिथला मच्छीमार विचारतो, तेव्हा त्याला नोझिक वाचावा लागत नाही.

त्याला माझे उत्तर असे: प्रत्येकाने आपल्या पसंतीपुरताच कर द्यायचा ठरवले तर मोठ्या करदात्याची पसंती चालेल, आणि आमच्या मजगीला कुणी पसंत करणार नाही. म्हणून देणे सक्तीचेच हवे. पण तितक्याच सक्तीने सरकारने आधी विचारले पाहिजे आणि नंतर हिशेब दिला पाहिजे. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, राज्याचे नियम २०१४ साली झाले. पुढे आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागले. त्यांचे काय करायचे ते गावाने ठरवायचे. कागदावर हे झरीच्या सभेइतके मोठे आहे. अमलात किती येते ते ग्रामसभेला किती माणसे बसतात आणि किती वेळ बसतात यावर अवलंबून आहे.

आमच्याकडच्या एका पाड्याच्या ग्रामसभेला मी मध्यंतरी गेले होते. जमाखर्च वाचून झाला. भराभर, छापील मराठीत. मागे बसलेले एक म्हातारबाबा उठले. "परत वाच," म्हणाले, "आन् आपल्या बोलीत वाच." वाचणारा मुलगा वारलीच होता. तो थोडा गडबडला, मग वारलीत सांगू लागला. विहिरीच्या दुरुस्तीच्या रकमेपाशी बायांनी त्याला थांबवले. कुठली विहीर? कधी झाली? गाळ कुणी काढला, मजुरी कुणाला दिली? अर्धा तास तेच चालले. शेवटी पुढच्या सभेत हजेरीपट आणि पावत्या समोर ठेवायच्या, असा ठराव लिहून घेतला. त्याखाली पहिल्या सह्या बायांनी केल्या, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांच्यासाठी शाईचे पॅड आणायला एक पोरगी शाळेकडे पळाली.